वीतभर चाकं आणि सॅलोचा टोलनाका

२९ सप्टेंबर १७५६, बुधवार

आजपासून टिनहिल ते ऑर्चबरी रस्त्यावर टोल सुरू. सॅलोच्या वळणावर पांढरं फाटक, शेजारी बसकं घर आणि घरात मार्था टोव्ही. गेल्या आठवड्यापर्यंत ही बाई बाजारात लोणी विकत होती. आज फाटकावर हात ठेवून अशी उभी, जणू राजानं स्वतः बोलावून नेमलंय. म्हणाली, पाउन्सेटभाऊ, घोड्यामागे तीन पेन्स, तीन घोड्यांचे नऊ. मी म्हटलं, मार्था, याच रस्त्यानं माझा बाप टिनहिलच्या खाणीतला कोळसा ऑर्चबरीला न्यायचा, त्याच्याआधी त्याचा बाप न्यायचा. ती म्हणाली, त्यांचे मागत नाही हो मी, तुमचे द्या.

दिले. मागे सहा गाड्या खोळंबल्या होत्या म्हणून दिले. यापुढे नाही.

रस्ता दुरुस्त करायचा म्हणून टोल, असं रस्ता ताब्यात घेतलेले ट्रस्टवाले म्हणतात. रस्ता खराब आहे हे मला मान्य आहे. पण तो कुणी केला खराब? आम्ही कोळसेवाल्यांनी. म्हणजे रस्त्यावर हक्क कुणाचा?

खरी निकड वेगळी. ऑर्चबरीच्या चर्चच्या आश्रमात बारा म्हाताऱ्या राहतात. हिवाळाभर त्यांना कोळसा कोण घालणार हे रेव्हरंड पिल्बीम अकरा नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या दिवशी ठरवतात. आठ वर्षं ते काम माझ्याकडे आहे. त्याच्यावर आमचा हिवाळा निघतो आणि घोड्यांचाही. यंदा हेस्टर गलिकचा त्याच्यावर डोळा आहे. हेस्टर म्हणजे एक विधवा, सहा गाढवं आणि एक तोंड. रेव्हरंडनी सांगितलंय, दोघांनीही नमुन्याचा माल आणून टाका, मग म्हाताऱ्यांना विचारून ठरवू.

हेस्टरनं आजच जाहीर केलं, टोल लागला, पोत्यामागे अर्धी पेनी जास्त पडेल. बिनडोक बाई. माझा भाव जुनाच. टोलच द्यायचा नाही म्हटल्यावर भाव वाढवायचा कशाला? शिवाय बारा म्हाताऱ्यांपैकी एक माझ्या सासूबाई. म्हणजे एक मत खिशात.

हे सगळं बायकोला, लिडियाला, समजावून सांगितलं. तिनं दिवा विझवला. कौतुक वाटलं असावं.

१ ऑक्टोबर

प्लॅन तयार. नाक्याच्या अलीकडे डावीकडे वळायचं, लेसीच्या शेतामागच्या वाटेनं ओढा ओलांडायचा आणि थेट ऑर्चबरी. चार मैल जास्त पडतात. पडू देत. घोड्यांचे पाय घरचेच आहेत.

२ ऑक्टोबर, शनिवार

ओढ्यात पाणी होतं. नेहमीच असतं, पण मला ते इतकं आठवत नव्हतं. गाडी मधोमध रुतली. कॅप्टननं जीव खाऊन ओढली, ड्यूकनं ओढली, ब्लॉसम पाणी पीत उभी राहिली. नऊ पोती ओढ्याला गेली.

लेसी काठावर बसून पाव-चीज खात मजा बघत होता. मदतीला उठला नाही. गाडी बाहेर आल्यावर मात्र उठला आणि म्हणाला, वाटेचा एक शिलिंग, कुंपण मोडलंत त्याचे वेगळे. मी म्हटलं, अरे, शिलिंग म्हणजे बारा पेन्स, नाक्यावर नऊच पडतात! तो म्हणाला, मग नाक्यावरनं जायचं होतंत, इकडे कशाला तडमडलात?

शिलिंग दिला. पण तो टोल नव्हे. टोल मी आज दिलेला नाही. त्या दृष्टीनं प्लॅन यशस्वी.

४ ऑक्टोबर

अंगात ताप. ओढ्याचं पाणी बाधलं. लिडियानं विचारलं, बेकरीचा कोळसा कोण पोचवणार? मी म्हटलं, धंद्यात लांबचं बघावं लागतं. तिनं खिडकीतून बघितलं. खाली रस्त्यावरून हेस्टरची गाढवं बेकरीकडे चालली होती.

८ ऑक्टोबर, शुक्रवार. दुपारी दोन

ताप पळाला, तो औषधानं नव्हे, आनंदानं!

बेल खानावळीत कुणीतरी पार्लमेंटचा कायदा मोठ्यानं वाचत होता. अरुंद चाकं रस्ता कापतात, रुंद चाकं रस्ता दाबून सपाट करतात, म्हणून नऊ इंच रुंदीच्या चाकांच्या गाडीला टोल माफ! नऊ इंच म्हणजे वीतभर. माझी चाकं चार बोटं रुंद आहेत. म्हणजे माझ्यात आणि टोलमाफीत फरक किती, तर आठ बोटांचा.

सगळ्यांना माझ्यातर्फे सायडर पाजली. सगळे मला शहाणा म्हणाले. दुसऱ्या ग्लासानंतर तर फारच.

९ ऑक्टोबर

ऑर्चबरीच्या स्पेरी सुताराकडे गेलो. तो म्हणाला, पाउन्सेट, असली गाडी चार चाकांची आणि भक्कम करावी लागते, ओढायला आठ घोडे लागतील, निदान सहा. सुतारांना लाकडातलं कळतं. घोड्यांतलं काय कळणार?

पैसे कमी पडले म्हणून ड्यूक विकला. चांगला घोडा होता, पण पुढे बघायला हवं.

लिडिया म्हणाली, अहो, गाडी वाढवायची नि घोडा कमी करायचा, हे कुठलं गणित? मी तिला शांतपणे समजावलं की रुंद चाक म्हणजे जमीन दाबायचा रूळ. रूळ एकदा चालायला लागला की पुढचं काम तो स्वतः करतो. ती म्हणाली, चढावर पण? हा प्रश्न मी पुढच्या टप्प्यासाठी ठेवलाय.

गाडी होईपर्यंत कोळसा नेणं बंद. तत्त्व म्हणजे तत्त्व. गिऱ्हाइकं सध्या हेस्टरकडून घेताहेत. येतील परत.

१७ ऑक्टोबर, रविवार

रविवारी चर्चला जाणाऱ्यांना टोल माफ आहे, हे आज कळलं. लिडियाला सुचवलं की जुनी गाडी काढू, तू चांगला झगा घालून वर बस, खाली बाकाखाली चार पोती. तिनं देवाचं नाव घेतलं. मग माझंही घेतलं, पण वेगळ्या सुरात.

२४ ऑक्टोबर, रविवार

गाडी तयार झाली! चर्च सुटल्यावर अख्खं ऑर्चबरी बघायला जमलं. चाकाची एकेक लोखंडी धाव अशी की तिच्यावर ताट ठेवून जेवता येईल. पोरंटोरं चाकांवर चढत होती. रेव्हरंड पिल्बीमसुद्धा बघून गेले, म्हणाले, भव्य आहे. सासूबाई काठी टेकत आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, जावईबापू, आता घर विकून हिच्यातच राहायला जा, दोन खोल्या जास्त मिळतील. म्हातारीचा स्वभावच थट्टेखोर.

२५ ऑक्टोबर

हा दिवस माझ्या नातवंडांनी लक्षात ठेवावा. (नातवंडं व्हायची आहेत. मुलंही.)

रिकामी गाडी घेऊन ऑर्चबरीहून घरी निघालो. सॅलोच्या नाक्यावर मार्थानं काठी लावून चाक मोजलं. पुन्हा मोजलं. मग चारही मोजली. आणि फाटक उघडलं. एक पेनी न घेता! मी टोपी काढून तिला अभिवादन केलं. कॅप्टन आणि ब्लॉसमला घाम फुटला होता, पण तो नव्या गाडीची सवय नाही म्हणून. घरापर्यंत यायला संध्याकाळ झाली. उद्या माल भरायचा.

२६ ऑक्टोबर, मंगळवार

खाणीपासून हमरस्त्यापर्यंतची अर्ध्या मैलाची गल्ली ट्रस्टची नाही. ती कुणाचीच नाही. दोन्हीकडे उंच कुंपणं आणि मध्ये शंभर वर्षांच्या चाकांनी कापलेल्या दोन चाकोऱ्या, गुडघाभर खोल, चार बोटं रुंद. आम्हा सगळ्यांच्या गाड्या त्यांत बसूनच जातात. घोडा झोपला तरी गाडी चुकत नाही.

माझं चाक चाकोरीत मावेना. काठावर बसलं. जाताना रिकामी गाडी तशीच निभावली, पण येताना वीस पोत्यांच्या वजनानं काठ ढासळला आणि गाडी डाव्या कुंपणाला टेकली. टेकली ती टेकलीच.

गल्ली बंद. मागे अकरा गाड्या. खाणकामगार काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, वही चांगल्या घरातली आहे. एकानं एवढंच विचारलं की बाबा, तू रस्ता दाबायला आलास की बुजवायला?

कुंपणाच्या कडेनं हेस्टरची गाढवं मात्र एकामागून एक निघून गेली. शेवटच्या गाढवामागे ती स्वतः. थांबून म्हणाली, पाउन्सेटभाऊ, टोल माफ झाला म्हणे? मग तोंड कधी गोड करताय?

२७ ऑक्टोबर

गाडी तिथेच.

लोकांनी ठरवलं की आधी कोळसा उतरवायचा. उतरवायचा कुठे? हेस्टरच्या गाढवांवर. ऑर्चबरीच्या बाजारापर्यंत माझा कोळसा, तिची गाढवं, वाहतुकीचे पैसे माझ्याकडून. नाक्यावर तिनं गाढवामागे अर्धी पेनी टोल भरला आणि तोही माझ्या हिशेबात लावला. पण हा टोल मी दिला असं कुणाला म्हणता येणार नाही. नाक्यावर गाढवं होती, मी नव्हतो.

२८ ऑक्टोबर

सोळा माणसांनी गाडी ओढून काढली. एक चाक गल्लीतच राहिलं. स्पेरी म्हणाला, चुलीच्या सरपणाच्या भावानं परत घेतो. मी तोंडावर सांगितलं, हा अपमान आहे. मग भाव ठरवला.

१ नोव्हेंबर, सोमवार

हिशेब नको, पण परिस्थिती लिहून ठेवतो. दोन घोडे. जुनी गाडी. सेंट मार्टिन दहा दिवसांवर. आश्रमाच्या कोठीत हेस्टरचा माल पडलाय, माझा नाही.

लिडिया दुपारी जेवताना म्हणाली, अहो, आता दोनच घोडे, सहा पेन्स होतात. पोत्यामागे पाव पेनी वाढवा आणि द्या ना ते. आश्रमाचं काम गेलं तर हिवाळ्यात खायचं काय, नि कॅप्टनला घालायचं काय? तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला गलबलून आलं. म्हणूनच ठरवलं की आता हरायचं नाही.

आणि सुचलं! लगेच लिडियाला सांगितलं. शेतात टाकायचं खत नेणाऱ्या गाडीला टोल माफ आहे. मग खाली कोळसा, वर शेणखत. थर जाड नको, फक्त दिसण्यापुरता.

२ नोव्हेंबर

गेलो! मार्थानं नाकाला शालीचं टोक लावलं आणि फाटक उघडलं. काठी नाही, मोजणं नाही, प्रश्न नाही. इतकं सोपं होतं तर!

४ नोव्हेंबर

पुन्हा गेलो. मार्था भोळी आहे बिचारी. तिला या नोकरीवर ठेवणाऱ्या ट्रस्टींची कीव येते.

आमच्या कोंबड्या कमी दिसताहेत. कोल्हा असणार. लिडियाला सांगितलं, काळजी करू नकोस, एकदा हे काम मिटलं की कोल्ह्याचा बंदोबस्त करतो. ती म्हणाली, कराच.

६ नोव्हेंबर, शनिवार

तिसरी खेप. आज मार्था हसून म्हणाली, वहिनींना नमस्कार सांगा हं. माझ्याबद्दलचा आदर वाढतोय. आता कुणी म्हणू नये की व्यापारात डोकं लागत नाही.

आणखी दोन कोंबड्या गेल्या. निलाजरा कोल्हा. दिवसाढवळ्या नेतो आणि पीससुद्धा मागे ठेवत नाही.

९ नोव्हेंबर

चौथी खेप. आश्रमाची कोठी माझ्या कोळशानं भरली. वरचं खत नाक्यापलीकडे लेसीच्या शेतात टाकलं, तेही फुकट. थोडं कोळशाला चिकटून राहिलं असेल. जळून जाईल.

११ नोव्हेंबर, गुरुवार. सेंट मार्टिन

सकाळी ऑर्चबरीत गवतावर पांढरं दहिवर पडलं होतं. म्हटलं, देवही आपल्या बाजूनं आहे, अशा थंडीत जो शेकवील त्याचंच काम.

आश्रमाच्या मोठ्या खोलीत दोन चुली. डावीकडे हेस्टरचा कोळसा, उजवीकडे माझा. बारा म्हाताऱ्या मधे शाली गुंडाळून बसलेल्या, रेव्हरंड पिल्बीम उभे, हेस्टर दाराशी, मी चुलीशी. दोन्ही पेटवल्या. माझी आधी पेटली हे मुद्दाम नोंदवतो.

मग वास आला.

सुरुवातीला मी हेस्टरकडे बघितलं, पण उपयोग झाला नाही. रेव्हरंडनी एक खिडकी उघडली. मग दुसरी. मग सगळ्या. बारा म्हाताऱ्या कुडकुडायला लागल्या. एकीनं विचारलं, गोठा आत आणलाय का? सासूबाई काठीवर उठल्या आणि रेव्हरंडना म्हणाल्या, माझा जावई आहे म्हणून गप्प बसायला हवं, पण नवरा गेला तेव्हासुद्धा डोळ्यांतून इतकं पाणी आलं नव्हतं.

मत खिशात होतं, तेही गेलं.

रेव्हरंड मला बाजूला घेऊन गेले. सभ्य माणूस. म्हणाले, मिस्टर पाउन्सेट, तुमच्याइतका स्वस्त भाव पंचक्रोशीत नाही. पण खिडक्या उघड्या टाकून शेकायचं म्हणजे आपण रस्त्याला शेकवणार. काम हेस्टरला दिलं.

दोष कोळशाचा नव्हता. गाईंचा चारा यंदा वाईट आहे.

१३ नोव्हेंबर, शनिवार

दोन दिवस घरात बसवेना. एकच गोष्ट मनाला उभारी देत होती. काम गेलं, घोडा गेला, चाकं गेली, पण सॅलोच्या नाक्याला मी चार वेळा टोपी घातली. हे निदान एका माणसाला तरी कळायला हवं. म्हणून पायी मार्थाकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. खत वर, कोळसा खाली, चारही खेपांना.

तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, पाउन्सेटभाऊ, गाडीच्या फटींतून काळी भुकटी गळत होती, नाक्यापासून पार खाणीपर्यंत रेघ. आंधळ्यालासुद्धा कळलं असतं. मी विचारलं, मग फाटक का उघडलंस? ती म्हणाली, वहिनी आदल्या दिवशी येऊन टोल भरून जायच्या ना. कोंबडी विकून. टोल चुकवताना सापडलात तर चाळीस शिलिंग दंड, नाहीतर घोडा जप्त. वहिनी म्हणाल्या, कॅप्टन गेला तर हे झुरतील.

कोल्हा नव्हता.

१४ नोव्हेंबर, रविवार

चर्चमधून येताना लिडियाला विचारलं, मला आधी सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, सांगितलं असतं तर थांबला असतात? घरी आल्यावर मी आधी कोंबड्या मोजायला गेलो.

खुराड्यात फक्त कोंबडा उरलाय. मला लाज वाटली. इथे लिहितो, कारण तिच्यापुढे म्हणायला जमलं नाही.

१८ नोव्हेंबर

आश्रमाच्या कामाशिवाय दोन घोडे हिवाळाभर पोसता येत नाहीत. कॅप्टन आणि ब्लॉसम दोघंही वेल्समधून आलेल्या एका व्यापाऱ्याला दिले. जुनी गाडी त्यांच्याबरोबर. ब्लॉसम जाताना माझी बाही चावून गेली. कॅप्टननं मागे वळून बघितलं नाही. बरं झालं, मी रडत होतो.

व्यवहार लिडियानं केला. त्या पैशांतून चार गाढवं घेऊन आली. हेस्टरला म्हणे आश्रमाच्या कामाला सहा गाढवं पुरत नाहीत, तिला भागीदार हवा होता. दोघींचं आठवडाभर बोलणं चाललं होतं. कुठे, तर मार्थाच्या घरी, चुलीशी बसून. पोत्यामागे अर्धी पेनी जास्त घ्यायची, टोल द्यायचा, संपलं. प्लॅन ठीक आहे. थोडा साधा आहे. मी असतो तर अजून काही कंगोरे घातले असते.

मलाही जागा दिलीय. सर्वांत मागची देखरेख. जबाबदारीचं काम आहे, पुढचे सगळे तुमच्या नजरेखाली राहतात.

२२ नोव्हेंबर, सोमवार

पहिली खेप. पुढे हेस्टर, मधे लिडिया, दहा गाढवं, शेवटी मी. खाणीच्या गल्लीत माझं चाक अजून कुंपणाला टेकून उभं आहे. कुणीतरी त्याच्यावर कपडे वाळत घातलेत.

सॅलोच्या नाक्याशी आलो. हेस्टरनं तिच्या सहांचे दिले. लिडियानं कमरेच्या पिशवीतून आमच्या चारांचे दिले, हसली, मार्थाला म्हणाली, काल पाय दुखत होता, राहिला का गं? मार्थानं फाटक उघडून गाढवं मोजली. दहा झाल्यावर तिची नजर माझ्यावर आली आणि जरा थांबली. माझा हात सवयीनं खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता.

ती म्हणाली, तुमचं काही नाही हो पाउन्सेटभाऊ. पायी माणसाला टोल नसतो. दरांच्या फळ्यावर लिहिलंय की, अगदी पहिल्या दिवसापासून.

फाटकाच्या बाजूच्या छोट्या दारातून पलीकडे गेलो. भर दिवसा, सगळ्यांसमोर, एक पेनी न देता. युक्ती अगदी सोपी निघाली. आधी फक्त घोडे, गाडी आणि कोळसा सोडावा लागतो.